गॅस संपत नसतो

नाशिकमध्ये फ्रिज थंड करेनासा झाला की निदान आधीच ठरलेलं असतं. मेकॅनिक येतो, दार उघडून आत हात घालतो, मागच्या जाळीला बोट लावून बघतो आणि सांगतो, "गॅस संपलाय, भरावा लागेल." घरच्या फ्रिजला हेच उत्तर, किराणा दुकानातल्या कूलरला हेच, आणि आता गंगापूर धरणाच्या काठी मुक्कामाला थांबणाऱ्या कॅराव्हॅनमधल्या छोट्या फ्रिजलाही हेच. मालक पैसे देतो, मेकॅनिक गॅस भरतो, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा दूध नासतं. मग आणखी एक वाक्य ऐकायला मिळतं, "हे फ्रिज आपल्या हवेसाठी नाहीतच."

ही दोन्ही वाक्यं मला मान्य नाहीत. पहिलं वाक्य शास्त्राला धरून नाही आणि दुसरं नाशिकच्या अनुभवाला धरून नाही. शिवाय पहिल्या वाक्यावर आपल्याकडे एक अख्खा व्यवहार उभा आहे. त्यात पैसे जातात, चांगले फ्रिज भंगारात जातात, आणि बंद गाडीत हा प्रकार जिवावरही बेतू शकतो. म्हणून हा प्रतिवाद जरा सविस्तर करतो.

शेगडीच्या टाकीतला गॅस संपतो, कारण तो जळतो. फ्रिजमधला जळत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या किंवा बाजूच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो, ड्रायरमधून पुढे कॅपिलरीच्या केसासारख्या बारीक नळीतून जातो, आतल्या कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना फ्रिजमधली उष्णता शोषून घेतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. हा सगळा फेरा डाग देऊन बंद केलेला असतो. त्यात कुठे खर्च नाही, गळतीशिवाय घट नाही. कारखान्यात एकदा मोजून घातलेला गॅस फ्रिजच्या आयुष्यभर पुरावा, हीच त्याची रचना आहे. गोदरेजने १९५८ साली भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली. त्यानंतरच्या काळातले कितीतरी फ्रिज आपल्या घरांमध्ये वीस-पंचवीस वर्षं गॅसला हात न लावता चालले, हे वाचकांनी स्वतः पाहिलेलं आहे. "दोन-तीन वर्षांनी गॅस भरावाच लागतो" हे म्हणणं त्या फ्रिजनी कधीच खोटं पाडलंय.

तेव्हा गॅस कमी झाला असेल तर नळी कुठेतरी गळते आहे, याशिवाय दुसरा अर्थ निघत नाही. आणि नळी गळत असेल तर गळती न शोधता वरून गॅस भरणं ही दुरुस्ती होत नाही. गॅस भरा म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा, "गेला कुठून?" त्याचं उत्तर मिळेपर्यंत गॅसच्या नावाने एक रुपयाही देण्याचं कारण नाही.

यावर मेकॅनिक मंडळींचं आणि ग्राहकांचंही ठरलेलं उत्तर असतं, "पण गॅस भरल्यावर फ्रिज चालू झाला ना!" हा दावा वरवर बिनतोड वाटतो, म्हणून तो नीट तपासू. गॅस भरायचा म्हणून आधी फ्रिज बंद केला, सामान काढलं, तो भिंतीपासून पुढे ओढला. एक रात्र, कधी दोन रात्री तो दार उघडं ठेवून पडून राहिला. तेवढ्यात आतल्या कॉइलवर साचलेला बर्फ वितळला, हवेची वाट मोकळी झाली. मागची धूळ निघाली. सैल प्लग काढून पुन्हा नीट बसवला गेला. मग रिकामा फ्रिज चालू केला आणि तो छान थंड झाला. श्रेय मिळालं गॅसला. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये तर हे हमखास घडतं. वरच्या फ्रीझरमध्ये बर्फ कडक, पण खाली भाजी कोमट, अशी तक्रार असेल तर गॅसवर संशय घेण्याआधी डीफ्रॉस्टचा हीटर, त्याचा टायमर, सेन्सर आणि आतला पंखा बघायला हवा. हीटर चालत नसेल तर कॉइलवर बर्फाची भिंत तयार होते आणि थंड हवा खाली उतरत नाही. फ्रिज दोन दिवस बंद ठेवला की ती भिंत विरघळते, आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा उभी राहते. "गॅस पुन्हा उतरला" असं आपण ज्याला म्हणतो तो पुष्कळदा हा बर्फ असतो.

आता कॅराव्हॅनकडे येऊ, कारण तिथे हा गैरसमज अधिक महाग पडतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. तेव्हापासून ट्रॅव्हलर, विंगर यांसारख्या गाड्यांमध्ये बिछाना, ओटा, पाण्याची टाकी आणि फ्रिज बसवून घेणारे लोक वाढत आहेत. नाशिकला तर त्याला कारणं भरपूर: जानेवारी ते मार्च द्राक्षांचा हंगाम, पावसाळ्यात त्र्यंबक आणि इगतपुरीचे डोंगर, वणीची सप्तशृंगी, आणि पुढ्यात २०२७ चा सिंहस्थ. औषधं, इन्सुलिन, तान्ह्या मुलाचं दूध सोबत घेऊन लोक अशा गाड्यांतून येणार आहेत. त्यांच्या दृष्टीने फ्रिज ही चैन राहत नाही.

गाडीतले फ्रिज मुख्यतः दोन जातीचे. एक, बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालणारा डीसी कॉम्प्रेसर फ्रिज. दुसरा, कॉम्प्रेसरच नसलेला, उष्णतेवर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज. दोघांचे आजार वेगळे आणि तपासणीही वेगळी. "गॅस संपलाय" म्हणणारा माणूस मुळात हा फरकच करत नाही, इथूनच त्याच्यावर विश्वास ठेवणं अवघड होतं.

पहिल्या जातीचं एक उदाहरण सांगतो. त्र्यंबक रस्त्यावर एप्रिलच्या दुपारी एका विंगरमधला फ्रिज पाहिला. त्यात एका वर्कशॉपने आधीच गॅस भरला होता आणि आता पुन्हा भरायला सांगितलं होतं. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, काही क्षणांत बंद पडायचा, थोड्या वेळाने पुन्हा तेच. बॅटरीच्या टोकांवर मीटर लावलं तर १२.४ व्होल्ट, म्हणजे बॅटरीची तक्रार नाही. मग तेच मीटर फ्रिजच्या मागच्या जोडणीवर लावलं आणि कॉम्प्रेसर सुरू होण्याची वाट पाहिली. सुरू होताक्षणी काटा १०.३ वर आला आणि फ्रिज बंद. वायर छतातून फिरवून आणलेली, जाडी एक चौरस मिलिमीटर, एलईडी दिव्यांना वापरतात तशी. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा.

याचं गणित शाळेतल्या ओहमच्या नियमाचं आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.०१७५ ओहम रोध असतो. बारा मीटरला ०.२१ ओहम. दहा अँपिअर ओढ झाली की २.१ व्होल्ट वाटेतच खर्च. १२.४ मधून २.१ गेले, उरले १०.३. डीसी फ्रिजचा कंट्रोलर बॅटरी पूर्ण उतरू नये म्हणून साधारण साडेदहा व्होल्टच्या आसपास कॉम्प्रेसर बंद करतो. फ्रिज आपलं काम चोख करत होता, त्याला वाटत होतं बॅटरी संपली आहे. सहा चौरस मिलिमीटरची वायर ओढली की हीच तूट ०.३५ व्होल्टवर येते. ती ओढली, त्याच रात्री आतलं तापमान चार अंशांवर आलं. गॅसच्या नळीला कोणी हातही लावला नाही.

हे निदान फ्रिज स्वतः सांगत होता. अशा फ्रिजमध्ये पुष्कळदा डॅनफॉसचा, म्हणजे आताच्या सेकॉपचा, बीडी मालिकेतला कॉम्प्रेसर असतो. त्याच्या कंट्रोलरला छोटा दिवा जोडलेला असला तर तो दोषानुसार लुकलुकतो. एकदा लुकलुकला तर व्होल्टेज कमी, दोनदा म्हणजे पंख्याची ओढ जास्त, तीनदा म्हणजे मोटर सुरू होत नाही, चारदा म्हणजे मोटर हवा तेवढा किमान वेग धरत नाही, पाचदा म्हणजे कंट्रोलर तापला आहे. कंट्रोलरला गॅस कळत नाही, त्यामुळे या यादीत गॅस येत नाही. पण उरलेल्या पाच कारणांचा तो नावानिशी हिशेब देतो. एवढा बोलका पुरावा समोर असताना त्याच्याकडे न बघता सिलिंडर उघडणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणायला तयार नाही.

"आमची गाडी नवी आहे, वायरिंग कंपनीचं आहे," असं मालक म्हणतात. गाडीचं असेल, फ्रिजचं नसतं. फ्रिजची वायर कॅराव्हॅन बनवणाऱ्याने नंतर ओढलेली असते, आणि ओटा, पडदे, सनमायका यांना लावलेला जीव तिला क्वचित लाभतो. फ्यूजचा होल्डर सैल, पकडीने नीट न दाबलेले लग, बॉडीच्या रंगावरच कसलेली अर्थिंग, यांतली प्रत्येक जागा थोडे थोडे व्होल्ट खाते. मीटर नेहमी फ्रिजच्या टोकांवर लावायचं आणि कॉम्प्रेसर चालू असतानाच वाचायचं. बॅटरीवरचा आकडा दाखवून "व्होल्टेज ठीक आहे" म्हणणं ही तपासणी नव्हे.

दुसरी जात अधिक जुनी आणि अधिक गैरसमजात अडकलेली. १९२२ साली स्टॉकहोमच्या तंत्रशाळेतले दोन तरुण विद्यार्थी, बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स, यांनी हलणारा एकही भाग नसलेला फ्रिज तयार केला. पुढे इलेक्ट्रोलक्सने तो जगभर नेला. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन हे तिघे पोलादी नळ्यांत कायमचे बंद. खालून उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जाऊन निवतो, हायड्रोजनच्या सोबतीने बाष्प होताना थंडावा देतो आणि खाली येऊन पुन्हा पाण्यात मिसळतो. उष्णता एलपीजीच्या ज्योतीने द्या, १२ व्होल्टच्या हीटरने द्या किंवा घरच्या विजेच्या हीटरने द्या, आत तेच चक्र. विजेआधीच्या काळातले रॉकेलवर चालणारे फ्रिज याच कुळातले, आणि पुष्कळ हॉटेलांच्या खोल्यांतले आवाज न करणारे छोटे फ्रिजही.

या यंत्राला पंप नाही, द्रव केवळ उताराने वाहतो. म्हणून तिरप्या जमिनीवर उभ्या गाडीत हा फ्रिज थंड होणार नाही, आणि यात फ्रिजचा दोष नाही. जुन्या बनावटीच्या फ्रिजना तर दोन-तीन अंशांचा कलही सोसत नाही. गाडी चालू असताना हलण्यामुळे द्रव सारखा पुढे सरकत राहतो, त्यामुळे घाटात त्रास होत नाही. त्रास होतो मुक्कामात. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी उतारावर गाडी लावली, मागची चाकं खाली, रात्रभर फ्रिजची ज्योत पेटती. द्रव एका कोपऱ्यात साचतो, बॉयलर कोरडा तापतो, आणि हे वारंवार झालं तर नळ्या गंजू नयेत म्हणून पाण्यात घातलेलं क्रोमेट तिथे घट्ट बसून वाट बंद करतं. ते मात्र खरंच न दुरुस्त होणारं नुकसान. गवंड्याकडे असते ती पाणसळ फ्रिजच्या तळावर ठेवून चाकाखाली फळी सरकवायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं न देता सकाळी "गॅस संपला" म्हणणं हा त्या यंत्रावर अन्याय आहे.

शिवाय ॲब्सॉर्प्शन फ्रिजमध्ये गॅस भरता येतच नाही. नाशिकमधला, पुण्यातला किंवा मुंबईतला कोणताही मेकॅनिक गाडीशेजारी उभा राहून त्यात अमोनिया आणि हायड्रोजन भरू शकत नाही. दाबाखालचं वेल्ड केलेलं पोलादी युनिट आहे ते. ते गळलं तर अमोनियाचा उग्र वास येतो आणि नळीवर पिवळी भुकटी दिसते. तसं असेल तर फ्रिज ताबडतोब बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात आणि युनिट बदलावं. तसं नसेल तर अमोनिया जागच्या जागी आहे. तरीही असल्या फ्रिजमध्ये "गॅस भरून देतो" असं सांगणारे आहेत. त्यांना यंत्र माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

काही जण दुसरा उपाय सांगतात: फ्रिज काढून रात्रभर उलटा ठेवा, "आतलं मोकळं होतं". साचलेलं क्रोमेट त्याने विरघळत नाही. एखाद्या फ्रिजला तात्पुरता फरक पडल्यासारखा वाटतो, आणि तेवढ्या एका गोष्टीवर हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या फिरतो. त्यापेक्षा ज्योत बघा. ती निळी आणि स्थिर हवी. पिवळी असेल तर काजळी धरते, उष्णता कमी मिळते, आणि बंद गाडीत विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होण्याची भीती वेगळी. जेटच्या बारीक छिद्रात टाचणी घालू नका. छिद्र मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. एलपीजीची टाकी उभी ठेवा, कारण आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रव येतो आणि त्यातून आग लागते. १२ व्होल्टवर हा फ्रिज केवळ इंजिन चालू असताना वापरा. त्याचा हीटर दहा-बारा अँपिअर सतत ओढतो. रात्रीच्या आठ तासांत बारा अँपिअरने ९६ अँपिअर-तास गेले, म्हणजे १०० ची बॅटरी साफ. सकाळी फ्रिजही गरम आणि गाडीतले दिवेही बंद. त्यावर गॅस भरून काय होणार?

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. "हे परदेशी फ्रिज आपल्या उन्हासाठी नाहीत." हे बोलणारे लोक फ्रिजची नेमप्लेट वाचत नाहीत. फ्रिजच्या हवामान-वर्गांत 'टी' वर्गाचा फ्रिज ४३ अंशांपर्यंतच्या हवेत काम करण्यासाठी बनवलेला असतो, 'एसटी' ३८ पर्यंत आणि 'एन' ३२ पर्यंत. नाशिकचा उन्हाळा चाळिशीला टेकतो. म्हणजे योग्य वर्गाचा फ्रिज निवडला असेल तर हवा त्याच्या मर्यादेत आहे. 'एन' वर्गाचा फ्रिज आणून मे महिन्यात त्याला दोष देणाऱ्याने दुकानात एक ओळ वाचली असती तर बरं झालं असतं.

खरी गोम हवेच्या तापमानात नसते, फ्रिजच्या पाठीमागच्या तापमानात असते. फ्रिज आतली उष्णता मागे टाकतो. ती बाहेर जायला खालून हवा आत येणारी आणि वरून बाहेर पडणारी, अशा दोन वाटा लागतात. आपल्याकडे कॅराव्हॅन बनवताना धूळ आणि पाऊस येतो म्हणून या जाळ्या बुजवतात, किंवा वरची ठेवतच नाहीत, कारण बाहेरून गाडी सुबक दिसायला हवी. मग फ्रिजच्या मागे, प्लायवूडच्या खोक्यात, उष्णता कोंडते. बाहेर ३८ अंश असताना त्या खोक्यात पन्नासच्या वर पारा चढायला वेळ लागत नाही. कोणताही फ्रिज तिथे हरेल. साधा डिजिटल थर्मामीटर फ्रिजमागच्या पोकळीत दुपारी दोन वाजता ठेवून बघा आणि मग ठरवा दोष नाशिकच्या उन्हाचा की सुताराचा. फ्रिजची बाजू पश्चिमेच्या उन्हात येणार नाही अशी गाडी लावा. मागे छोटा पंखा बसवा. धुळीसाठी जाळी लावा, पण वाट बुजवू नका.

आणि नाशिककरांनी तरी उन्हाचं कारण सांगू नये. याच जिल्ह्यातून, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात, द्राक्षं शून्य अंशांच्या आसपास राखून युरोपला जातात. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये किंवा पिंपळगाव बसवंतच्या कोणत्याही चांगल्या पॅकहाऊसमध्ये विचारा, तोडलेलं द्राक्ष थेट रीफर, म्हणजे शीत, कंटेनरमध्ये घालाल का? कोणी घालणार नाही. आधी प्री-कूलिंग. थंड हवेच्या झोतात काही तासांत घडाच्या गाभ्यापर्यंत उष्णता काढायची, मग शीतगृह, मग कंटेनर, मग न्हावा शेवा. कारण कंटेनरचं यंत्र थंड माल थंड राखण्यासाठी आहे, गरम माल थंड करण्याइतकी ताकद त्यात नसते. कंटेनरच्या आत भिंतीवर लाल रेघ असते, तिच्या वर पेट्या रचायच्या नाहीत, कारण वरून परतणाऱ्या हवेला वाट लागते. ही शिस्त निफाड-दिंडोरीतल्या पॅकहाऊसवर काम करणाऱ्या पोराला पाठ आहे. तीच शिस्त आपण गाडीतल्या फ्रिजला का लावत नाही?

हिशेब करून बघा. द्वारका चौकातून निघताना ३५ अंशांच्या वीस लिटर पाण्याच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठासून भरल्या. त्या पाच अंशांवर आणायच्या तर सुमारे ७०० वॉट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. छोट्या फ्रिजची उष्णता ओढण्याची ताकद ५० वॉट धरली, तर चौदा तास. मध्ये दार उघडलं नाही, तर. त्र्यंबकेश्वर सुमारे ३० किलोमीटरवर आहे, तासाभरात आपण तिथे पोचतो, बाटली कोमट लागते आणि फोन जातो मेकॅनिकला. आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज थंड करून, बाटल्या घरच्या फ्रिजमधून काढून त्यात ठेवल्या असत्या, आणि हवा फिरायला थोडी जागा सोडली असती, तर तोच फ्रिज उत्तम वाटला असता.

"त्यापेक्षा घरातला फ्रिज इन्व्हर्टरवर बसवा," असाही सल्ला दिला जातो. तो अगदी टाकाऊ नाही, पण "गाडीतल्या फ्रिजचा गॅस संपतो" या कारणासाठी देत असतील तर ते कारण चुकीचं आहे. घरचा फ्रिज सुरू होताना कित्येक पट करंट ओढतो, स्वस्त इन्व्हर्टरची ओबडधोबड लहर त्याच्या मोटरला मानवत नाही, इन्व्हर्टर स्वतः रात्रभर बॅटरी खातो, आणि खड्ड्यांचे हादरे सोसायला त्याच्या नळ्या बांधलेल्या नसतात. गळतीची भीती गाडीत बसवलेल्या घरच्या फ्रिजलाच अधिक.

गळती होते, हे मी नाकारत नाही. हादऱ्यांनी कॅपिलरी चिरते, नळी नळीवर घासून भोक पडतं, बर्फ सुरीने खरवडताना कॉइल फुटते. पण तिची लक्षणं वेगळी असतात आणि ती बघता येतात. व्होल्टेज बरोबर, पंखे चालू, मागे हवा मोकळी, दाराचं रबर घट्ट, सामान बेताचं, आणि तरीही कॉम्प्रेसर न थांबता चालतोय, कंडेन्सर जेमतेम कोमट आहे, आतल्या कॉइलच्या सुरुवातीच्या भागावरच बर्फ धरतो आणि पुढचा भाग कोरडा राहतो. असं दिसलं तर गॅस कमी असल्याचा संशय रास्त. जोडाजवळ तेलाचा ओशट डाग दिसला तर तो बळावतो. दाराचं रबर तपासायला दारात कागद धरून ओढा. सहज निसटला तर तिथून थंडावाही निसटतोय. एवढं झाल्यावरच गॅसचा विषय काढायचा.

आणि तेव्हाही काम रीतीने व्हायला हवं. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधायची, तिथे डाग द्यायचा, ड्रायर बदलायचा, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढायची, आणि नेमप्लेटवर लिहिलेल्या जातीचा गॅस नेमप्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच काट्यावर मोजून भरायचा. आर-६००ए असलेल्या फ्रिजमध्ये तो फार थोडा असतो. ४० ग्रॅममध्ये १० ग्रॅमची चूक म्हणजे पाव हिस्सा चुकला. ती बोटाने किंवा अंदाजाने कळत नाही. ओल आत राहिली तर कॅपिलरीच्या तोंडाशी ती गोठते, फ्रिज कधी चालतो, कधी थांबतो, आणि पुन्हा गॅसचं नाव निघतं. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, एलपीजीच्याच घराण्यातला, पेट घेणारा. तो भरलेल्या फ्रिजची नळी बंद गाडीच्या आत, जवळ स्वयंपाकाची टाकी असताना, ब्लो-टॉर्चने तापवताना मी पाहिलं आहे. तिथे स्फोट झाला नाही याला कौशल्य म्हणू नये. फ्रिज गाडीबाहेर उघड्यावर काढल्याशिवाय हे काम कोणी करू नये आणि मालकाने करू देऊ नये.

शेवटचा आक्षेप मेकॅनिकच्या बाजूचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ते म्हणतात, "साहेब, तपासणीचे पैसे कोणी देत नाही. तासभर मीटर लावून वायर सैल आहे असं सांगितलं तर गिऱ्हाईक म्हणतं, एवढंच ना, मग पैसे कसले? गॅस भरला तर कुरकुर न करता देतात." हे खरं आहे, आणि यात दोष आपला आहे. सातपूरच्या आयटीआयसारख्या संस्थांमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा रीतसर ट्रेड आहे. तिथून शिकून निघालेल्या मुलाला गळती, व्हॅक्यूम, वजन हे सगळं माहीत असतं. पण बाजारात आल्यावर तो पाहतो की त्याच्या ज्ञानाला किंमत नाही, सिलिंडरला आहे. मग तोही सिलिंडर घेऊन फिरू लागतो. मोजणाऱ्याला आपण उपाशी ठेवलं आणि भरणाऱ्याला पोसलं. पण यामुळे चुकीचं निदान बरोबर ठरत नाही. ग्राहक पैसे देत नाही म्हणून डॉक्टरने न तपासता सलाइन लावलेलं आपण सोसत नाही, मग इथे का सोसावं?

म्हणून कॅराव्हॅनवाल्यांना आणि घरी फ्रिज असलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. मेकॅनिकला बोलावताना फोनवरच सांगा की तपासणीचे पैसे वेगळे देऊ, दुरुस्ती निघो वा न निघो, आणि ते खरोखर द्या. तो आला की फ्रिजच्या टोकांवरचं व्होल्टेज, मागच्या पोकळीचं तापमान आणि आतलं तापमान, हे तीन आकडे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. त्यानंतरही त्याने गॅसचं नाव काढलं तर गळतीची जागा बोटाने दाखवायला सांगा. आणि ज्याच्या पिशवीत व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा नाही, त्याला नळी कापू देऊ नका.